ग्रीक मुळाचे लांबलचक इंग्रजी शब्द कुठे तोडायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'ऑटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी'सारखा शब्द समोर आला की त्याची सिलॅबल्स, म्हणजे एकेका स्वराभोवती एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, कशी पाडायची? 'फोटोग्राफी'चे 'फोटो' आणि 'ग्राफी' असे भाग पाडायला शाळेत शिकवलं. शब्दकोशात मात्र 'ग्राफी'चं पहिलं अक्षर 'जी' मागच्या तुकड्याला चिकटलेलं दिसतं. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. एका शब्दाच्या दोन वेगळ्या तोडण्या असतात आणि सगळा गोंधळ त्या एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. पहिली तोडणी अर्थाची. समासाचा विग्रह करतो तशी: फोटो म्हणजे प्रकाश, ग्राफी म्हणजे लेखन. दुसरी उच्चाराची. ती वृत्ताचे गण पाडण्यासारखी आहे. गण पाडताना आपण अर्थाकडे बघत नाही, शब्दाच्या मधोमधसुद्धा बिनदिक्कत रेघ मारतो. सिलॅबलचंही तसंच. अर्थाची तोडणी स्पेलिंग आणि आकलनासाठी, उच्चाराची वाचण्यासाठी. मी शास्त्र आणि वैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचन शिकवतो आणि पहिल्या तासाला दोन्ही तोडण्या एकाखाली एक, वेगळ्या ओळीत लिहायला लावतो. ही एक सवय लागली की अर्धं काम झालं.

आधी अर्थाची ओळ, कारण ती सोपी आहे. 'ऑटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी'त 'ओट' म्हणजे कान, 'ऱ्हिन' म्हणजे नाक, 'लॅरिंग' म्हणजे स्वरयंत्र, 'लॉजी' म्हणजे शास्त्र. मधले 'ओ' हे नुसते सांधे. ग्रीक घटक जोडताना दोन व्यंजनांच्या मध्ये हा 'ओ' येतो आणि पुढचा घटक स्वरानं सुरू होत असेल तर बहुधा गळतो. म्हणून 'सायकॉलॉजी'त 'ओ' आहे, 'सायकायट्री'त नाही, कारण वैद्य या अर्थाचा 'इआट्र' स्वरापासून सुरू होतो. 'न्यूरॉलॉजी' आणि 'न्यूराल्जिया' यांच्यात हाच फरक. 'गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी'सारख्या शब्दात मात्र 'ओ' टिकून राहतो आणि दोन स्वर शेजारी येतात. तेव्हा वाचताना दोन्ही सुटे म्हणायचे.

आता दुसरी ओळ: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉल्-अ-जी. नऊ सिलॅबल्स. वरच्या ओळीशी ताडून बघा. स्वरयंत्राचा 'जी' आपलं घर सोडून पुढे गेला आणि शास्त्राच्या 'लॉजी'मधला 'एल' मागे सरकून त्याला मिळाला. 'गॉल्' या तुकड्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही, तरी शब्दाचा सगळा जोर त्याच्यावर आहे. ग्रीक मुळाच्या शब्दांत हे सतत घडतं. 'हेलिकॉप्टर' अर्थानं 'हेलिको' आणि 'प्टर', म्हणजे फिरकी आणि पंख, उच्चारानं हेल्-इ-कॉप्-टर. 'क्रिसँथेमम' अर्थानं 'क्रिस' आणि 'अँथेमम', म्हणजे सोनं आणि फूल, उच्चारानं क्रि-सँ-थ-मम. 'फिलॉसॉफी'त 'फिल' म्हणजे प्रेम, 'सोफिया' म्हणजे शहाणपण. उच्चारात शहाणपणाचा 'एस' प्रेमाच्या बाजूला जातो: फि-लॉस्-अ-फी.

व्यंजनं अशी जागा का सोडतात? आघातामुळे. आपल्याला इथेच अडतं, कारण मराठीत आघातानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. प्रत्येक अक्षराला आपण जवळपास सारखा मान देतो आणि म्हणून फो-टो-ग्रा-फी असं चार समान पावलांत चालतो. इंग्रजीत एका सिलॅबलवर जोर येतो, त्याचा स्वर स्पष्ट उमटतो आणि आजूबाजूचे स्वर विरून अस्पष्ट 'अ' होतात. जोर आलेला स्वर ऱ्हस्व असेल तर पुढचं एकटं व्यंजन तो स्वतःकडे ओढून घेतो. स्वर दीर्घ असेल तर व्यंजन पुढच्या सिलॅबलकडे राहतं. अमेरिकी कोशांची तोडणी मुख्यतः याच तत्त्वावर उभी आहे.

एकच कुटुंब जवळून बघू. 'फोटोग्राफ': जोर पहिल्यावर, फो-ट-ग्राफ. पहिला 'ओ' भरदार, दुसरा विरलेला. 'फोटोग्राफी': जोर दुसऱ्यावर, फ-टॉग्-र-फी. आता पहिला 'ओ' विरला, दुसरा उठून उभा राहिला आणि त्यानं 'जी' ओढून घेतला. 'फोटोग्राफिक': जोर तिसऱ्यावर, फो-ट-ग्रॅफ्-इक. पहिल्या 'ओ'ला थोडा जोर परत मिळाला, दुसरा पुन्हा विरला आणि 'जी' आपल्या मूळ जागी गेला. स्पेलिंग तेच, घटक तेच, तरी तोडणी तीन वेळा बदलली. 'डेमोक्रॅट', 'डिमॉक्रसी', 'डेमोक्रॅटिक' हे त्रिकूट हुबेहूब याच वाटेनं जातं. म्हणून आधी सिलॅबल्स पाडून मग जोर शोधायचा हा क्रम माझ्या मते उलटा आहे. आधी जोर शोधा, सिलॅबल्स आपोआप पडतील.

आणि जोर शोधायचा तर शब्दाच्या शेपटीकडे बघायचं. ग्रीक शब्दांची ही मोठी सोय आहे: सुरुवात कितीही अवघड असो, जोर कुठे येणार हे बहुतेक वेळा शेवटचा घटक ठरवतो. 'लॉजी', 'ग्राफी', 'नॉमी', 'क्रसी', 'मेट्री', 'पथी', 'स्कोपी', 'टॉमी' यांनी शब्द संपत असेल तर जोर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर: बाय-ऑल्-अ-जी, अस्-ट्रॉन्-अ-मी, ट्रिग्-अ-नॉम्-अ-ट्री. शब्द 'इक'नं संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणजे 'इक'च्या लगेच आधी: ई-क-नॉम्-इक. पुढे 'अल' जोडला तरी जोर हलत नाही: ई-क-नॉम्-इ-कल. आजारांची नावं 'ओसिस', 'आयटिस', 'ओमा' यांनी संपली तर जोर त्या प्रत्ययाच्याच पहिल्या स्वरावर: आर्-थ्राय-टिस, कार्-सि-नो-म.

अपवाद आहेत, पण मोजके. ते पाठ केलेले बरे. 'पॉलिटिक्स', 'ऱ्हेटरिक', 'कॅथलिक', 'हेरेटिक' यांत जोर पहिल्यावर. 'अरिथमेटिक' नाम असेल तर जोर दुसऱ्यावर, विशेषण असेल तर नियमाप्रमाणे 'मेट्'वर. 'मेटॅमॉर्फोसिस'मध्ये 'ओसिस' असूनही परंपरेनं जोर 'मॉर्'वर. 'मीटर'चं जरा वेगळं आहे. मोजायचं साधन असेल तर जोर शेवटून तिसऱ्यावर: थर्-मॉम्-अ-टर, ब-रॉम्-अ-टर. मापाचं एकक असेल तर जोर पहिल्यावर: सेन्-टि-मी-टर, मिल्-इ-मी-टर. 'किलोमीटर' या दोघांच्या कात्रीत सापडलाय. एकक म्हणून जोर पहिल्यावर यायला हवा, पण थर्मॉमीटरच्या चालीवर 'किलॉमीटर'ही सर्रास ऐकू येतो आणि कोश दोन्ही देतात.

आता व्यंजनांच्या जोड्या. मला या विषयाचा सगळ्यात आवडता भाग हाच. ग्रीकमध्ये शब्दारंभी 'पीएस', 'पीएन', 'पीटी', 'एमएन', 'जीएन' अशा जोड्या सहज येतात. इंग्रजी जिभेला त्या शब्दाच्या तोंडाशी पेलत नाहीत, म्हणून पहिलं अक्षर लिहिलं जातं आणि गिळलं जातं: सायकॉलॉजी, न्यूमोनिया, टेरोडॅक्टिल, निमॉनिक, नॉस्टिक. विद्यार्थी हे 'सायलेंट' अक्षरांची यादी म्हणून घोकतात. पण तीच जोडी शब्दाच्या पोटात गेली आणि दोन्ही बाजूंना स्वर मिळाले की गिळलेलं अक्षर जिवंत होतं, कारण आता त्याला मागच्या सिलॅबलचा आधार मिळतो. पंख या अर्थाचा 'प्टर' टेरोडॅक्टिलमध्ये 'पी' गमावतो, हेलिकॉप्टरमध्ये तोच 'पी' स्पष्ट वाजतो. स्मरण या अर्थाचा 'म्ने' निमॉनिकमध्ये 'एम' गमावतो, 'ॲम्नीझिया'त परत मिळवतो. 'नॉस्टिक'ला 'जी' नाही. 'ॲग्नॉस्टिक' आणि 'डायग्नोसिस'ला आहे.

देवनागरी इथे आपली दिशाभूल करते. 'ॲग्नॉस्टिक' लिहिताना आपण 'ग्न' एकत्र लिहितो आणि डोळ्याला ते एक अक्षर वाटतं. पण लघु-गुरू आठवा. 'सत्य'मधला 'स' गुरू का? तर पुढच्या जोडाक्षरातला अर्धा 'त्' उच्चारात मागे येतो: सत्-य. लिपीत तो पुढे बांधलेला असला तरी कानाला मागे ऐकू येतो. इंग्रजीतही हेच करायचं: ॲग्-नॉस्-टिक, ॲम्-नी-झिया, हेल्-इ-कॉप्-टर. ज्याला शाळेत वृत्तं नीट जमत होती त्याला हे सांगावंसुद्धा लागत नाही. फरक एवढाच की इंग्रजी शब्दारंभी जी जोडी चालते, म्हणजे 'ग्र', 'ट्र', 'क्र', 'फ्ल', ती शब्दाच्या पोटातही बहुधा एकत्र पुढे जाते. तिथे लघु-गुरूचा नियम आंधळेपणानं लावू नका. 'फोटोग्राफ'मध्ये 'ग्र' फुटत नाही. तो फुटतो 'फोटोग्राफी'त, कारण तिथे आघात 'जी'ला मागे खेचतो.

एक सावधगिरी. पुढचा घटक इंग्रजीत स्वतंत्र शब्द म्हणून रुळलेला असेल तर गिळलेलं अक्षर पोटातही गिळलेलंच राहतं. 'पॅरासायकॉलॉजी', 'न्यूरोसायकॉलॉजी', 'ब्राँकोन्यूमोनिया' यांत 'पी' उठत नाही, कारण बोलणाऱ्याला आतला 'सायकॉलॉजी' किंवा 'न्यूमोनिया' अख्खा दिसत असतो.

शब्दाच्या शेवटीही हाच खेळ चालतो. 'पॅराडाइम', 'फ्लेम' (कफ या अर्थाचा, ज्यात 'एम'च्या आधी 'जी' लिहितात) आणि 'डायफ्रॅम' यांत 'जी' मुका. पण 'अॅटिक' लावा: पॅ-र-डिग्-मॅट्-इक, फ्लेग्-मॅट्-इक. पुढे स्वर आला, 'एम'ला नवं सिलॅबल मिळालं आणि 'जी'ला मागे जागा झाली. 'ऱ्हिदम'चं उदाहरण याहून सुंदर आहे. सहा अक्षरांच्या स्पेलिंगमध्ये स्वराचं काम करणारा एकटा 'वाय', तरी बोलताना सिलॅबल्स दोन, कारण शेवटचा 'एम' स्वतःच्या बळावर एक सिलॅबल उभं करतो. त्याला 'इक' जोडून 'ऱ्हिदमिक' केलं तरी सिलॅबल्स दोनच राहतात, कारण 'एम' आता 'इक'चा हात धरतो: रिद्-मिक.

'पीएच', 'टीएच', 'सीएच' या जोड्या मात्र कधीच तोडायच्या नाहीत. ग्रीकमध्ये ते प्रत्येकी एकच अक्षर आहे: फाय, थीटा, काय. ग्रीक शब्दातला 'सीएच' जवळपास नेहमी 'क' वाजतो. 'पीएचटीएच' अशी चार अक्षरांची रांग दिसली तर घाबरू नका, ती दोनच व्यंजनं आहेत आणि रेघ त्यांच्या मधोमध पडते: ऑफ्-थॅल्-मॉल्-अ-जी, डिफ्-थी-रि-अ. हे पाहिलेल्याचं 'ऑफ्थॅल्मॉलॉजी'चं स्पेलिंग सहसा चुकत नाही. बाकीचे पहिला 'एच' हमखास विसरतात. 'हेमरेज' आणि 'डायरिया' यांत दोन 'आर' आणि मग 'एच' येतो. तिथे रेघ दोन 'आर'च्या मध्ये, म्हणजे 'आरएच' पुढे अखंड जातो.

कधी कधी अर्थाचा सांधा याच जोडीच्या आत लपलेला असतो. 'कॅथोड' आणि 'मेथड' या दोन्हींत 'होडोस' म्हणजे वाट हा शब्द आहे. मागचा 'टी' आणि होडोसचा 'एच' ग्रीकमध्येच मिळून थीटा झाला. मायकेल फॅरडे यांनी १८३४मध्ये 'कॅथोड' हा शब्द वापरात आणला तेव्हा हा सांधा आयता त्यात आला. अशा शब्दांत अर्थाची रेघ इंग्रजी स्पेलिंगवर मारताच येत नाही आणि मारायचा हट्टही धरू नये.

स्वरांबद्दल थोडं. ग्रीक शब्दांत शेजारी आलेले दोन स्वर बहुधा दोन सिलॅबल्समध्ये जातात: जि-ऑग्-र-फी, के-ऑस, आय-डि-अ. 'झूलॉजी' म्हणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. तिथले दोन 'ओ' वेगळे आहेत, कारण प्राणी या अर्थाचा घटक 'झो' आहे: झो-ऑल्-अ-जी. याउलट 'एई', 'ओई' आणि बहुतेक वेळा 'ईयू' ही जोडी एकाच स्वराची असते. 'आर्किऑलॉजी'त 'एई' मिळून एक आणि त्यापुढचा 'ओ' वेगळा. अमेरिकी स्पेलिंगमध्ये तिथला 'ए' गाळला तरी सिलॅबल्स तेवढीच राहतात. 'म्युझियम'मध्ये 'ईयू' फुटतो, कारण 'अम' हा शेवटी लागलेला लॅटिन प्रत्यय आहे. या सगळ्याची परीक्षा घ्यायची तर 'ऑनोमॅटोपिया' घ्या. शेवटी 'ओ, ई, आय, ए' असे चार स्वर ओळीनं येतात आणि त्यांतून फक्त दोन सिलॅबल्स निघतात: ऑन्-अ-मॅट्-अ-पी-अ.

शेवटचा 'ई' वाजतो की नाही? ग्रीकमधून अख्खा आलेला जुना शब्द असेल तर वाजतो: इ-पिट्-अ-मी, क-टॅस्-ट्र-फी, हाय-पर्-ब-ली. घटक जोडून आधुनिक काळात घडवलेला असेल तर नाही: टेलिस्कोप, टेलिफोन.

आता कोशाबद्दल. मूळ प्रश्नातला गोंधळ बराचसा तिथूनच येतो. मेरियम-वेबस्टरसारख्या अमेरिकी कोशात मथळ्याच्या शब्दामध्ये जे ठिपके असतात ते सिलॅबल्स दाखवत नाहीत. ओळीच्या शेवटी शब्द कुठे मोडता येईल ते दाखवतात. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला सोडायचं नाही हा छपाईचा संकेत, म्हणून 'इपिटमी'च्या मथळ्यात पहिल्या 'ई'नंतर ठिपका नसतो आणि तुकडे तीनच दिसतात. शेजारच्या उच्चारात मात्र चार असतात. सिलॅबल्स मोजायची तर उच्चाराचा रकाना बघा. त्यातही कोशांचं एकमत असतंच असं नाही. 'ॲटमॉस्फिअर' कोणी 'एस'च्या आधी तोडतं, कोणी नंतर. यातलं एक चूक ठरवण्यात वेळ घालवू नये.

उच्चारानुसार तोडायची अमेरिकी रीत रुजवण्यात नोआ वेबस्टर यांच्या १७८३च्या स्पेलिंगच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. ब्रिटिश छपाईत व्युत्पत्तीकडे झुकणारी तोडणी बराच काळ चालत आली, म्हणून तिथल्या जुन्या पुस्तकांत ओळीच्या शेवटी 'फोटो' आणि पुढच्या ओळीवर 'ग्राफी' असं सापडतं. शाळेत शिकवलेली रीत बहुधा तिथूनच आलेली. आज हे काम संगणक करतो. फ्रँक लियांग यांनी १९८३मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रबंधात अक्षरांच्या लहान लहान साखळ्यांवरून तोडणी ओळखायची पद्धत मांडली. ४,४४७ साखळ्यांत कोशातल्या ८९ टक्के तोडण्या सापडतात आणि चुकीची जवळजवळ नसते. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या छपाईसाठी अक्षरजुळणी करणाऱ्या संगणक-प्रणालीत तीच पद्धत आहे. मजकूर छापायचा असेल तर भाषा अमेरिकी इंग्रजी निवडली आहे की ब्रिटिश, एवढं तपासा, कारण दोन्हींचे साखळीसंच वेगळे आहेत.

शेवटी तो पंचेचाळीस अक्षरांचा शब्द, जो प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतंच: 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. १९३५मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांब व्हावा म्हणून घडवला. सूक्ष्म सिलिका धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार, एवढाच त्याचा अर्थ. तो शुद्ध ग्रीकही नाही: 'अल्ट्रा', 'सिलिको' आणि 'व्होल्कॅनो' लॅटिनकडचे, बाकी ग्रीक.

अर्थाच्या ओळीवर सात-आठ रेघा मारा, मग शेपटीपासून उलटं वाचत या. 'ओसिस' दिसला, म्हणजे मुख्य जोर 'ओ'वर. आधी 'ओ-सिस' म्हणा. मग धूळ या अर्थाचा 'कोनि' जोडा: को-नि-ओ-सिस. मग व्होल्-के-नो-को-नि-ओ-सिस. मग सिल्-इ-को. मग माय-क्र-स्कॉप्-इक, ज्यात 'इक'च्या नियमानं दुय्यम जोर 'स्कॉप्'वर. मग अल्-ट्र. आणि सगळ्यात शेवटी, मुका 'पी' सोडून, न्यू-मो-नो. एकूण एकोणीस सिलॅबल्स होतात. दर वेळी नवा तुकडा पुढे लावून शेवटपर्यंत म्हणायचं, म्हणजे जिभेला ओळखीचा झालेला भाग नेहमी शेवटी येतो आणि अडखळायला होत नाही. 'इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम' याच पद्धतीनं करून बघा. तिथे आठ यायला हवीत. सात आली तर 'ट्रो' आणि 'एन' एकात मिसळले आहेत.